एकोणीस वर्षांची अट कोणाच्या सोयीची?

शाळेच्या मैदानावरून उठून थेट व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलाला अडवावे की जाऊ द्यावे, हा अमेरिकेतला वाद पन्नास वर्षांहून जुना आहे. एखादा विलक्षण मुलगा दिसला की तो नव्याने सुरू होतो. जून २०२५ मध्ये मेन राज्यातल्या कूपर फ्लॅग या अठरा वर्षांच्या मुलाला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याआधीचे एक वर्ष तो ड्यूक विद्यापीठाकडून खेळला होता, आणि ते वर्ष त्याच्यासाठी आवश्यक होते की निरर्थक, यावर पुन्हा तीच जुनी नावे एकमेकांच्या अंगावर फेकली गेली. एका बाजूने शाळेतून थेट येऊन महान ठरलेले लेब्रॉन जेम्स, कोबी ब्रायंट, केव्हिन गार्नेट. दुसऱ्या बाजूने तसाच येऊन अपयशी गणला गेलेला क्वामे ब्राउन. आपल्याकडे लहान वयात शाळा मागे टाकून क्रिकेटमध्ये शिरण्याचा विषय निघाला की एक जण सचिनचे नाव घेतो आणि दुसरा कांबळीचे, त्यातलाच हा प्रकार. यशस्वी आणि अयशस्वी मुलांच्या अशा याद्या समोरासमोर मांडून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही याद्या हव्या तेवढ्या लांबवता येतात.

माझे म्हणणे असे आहे की शाळेतून थेट येणाऱ्या मुलांना रोखणारी ही वयाची अट एनबीएने रद्द करावी. प्रत्येक शाळकरी मुलगा व्यावसायिक खेळाला तयार असतो म्हणून नव्हे. बहुतेक मुले तयार नसतात. ती रद्द व्हावी ती एवढ्यासाठी, की तिचा मुलाच्या भल्याशी फारसा संबंध नाही. कोवळ्या वयातल्या खेळाडूची पारख करताना संघमालकाला जी जोखीम घ्यावी लागते, ती त्याच्या खांद्यावरून काढून मुलाच्या खांद्यावर ठेवण्यासाठी ही अट घातली गेली. मात्र नुसते दार उघडून भागणार नाही. जो संघ अठरा वर्षांच्या मुलाला कामावर ठेवील, त्याच्यावर त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याचे काही निश्चित दायित्व टाकले पाहिजे.

आधी नियम नेमका काय आहे ते पाहू. २००५ मध्ये एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो सामूहिक करार झाला, त्यानुसार २००६ च्या ड्राफ्टपासून अमेरिकी खेळाडूचे वय निवडीच्या वर्षात किमान एकोणीस पूर्ण होत असले पाहिजे आणि त्याचा शाळेचा वर्ग बाहेर पडून एक हंगाम उलटलेला असला पाहिजे. लीगचे त्या वेळचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना ही मर्यादा वीस हवी होती. तडजोडीत एकोणीस ठरली. २०२३ च्या नव्या करारात ती खाली येईल अशी चर्चा होती, पण ती तशीच राहिली. स्टर्न यांच्या प्रामाणिकपणाला एक दाद दिली पाहिजे: हा नियम मुलांच्या शिक्षणासाठी आहे असा आव त्यांनी आणला नाही, तो धंद्याचा निर्णय आहे असेच ते सांगत राहिले. शिक्षणाचा मुलामा नंतर इतरांनी चढवला.

त्याआधीचा नियम याहून कडक होता. शाळेतून बाहेर पडल्यावर चार वर्षे झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही, असा तो नियम. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या स्पेन्सर हेवूडने तो मोडला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा खेळाडू १९७० मध्ये सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सकडून खेळू लागला, तेव्हा लीगने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७१ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हेवूडच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर लीगने जो मार्ग काढला तो मासलेवाईक होता: चार वर्षे थांबायचे नसेल तर खेळाडूने आपली आर्थिक अडचण सिद्ध करून दाखवावी. म्हणजे आपल्या कष्टाचे दाम मागण्यासाठी आधी गरिबीचा दाखला आणावा. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी हे दोघे शाळेतून थेट एनबीएत निवडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी मोझेस मलोन हा व्हर्जिनियातला शाळकरी मुलगा एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला होता. पुढे त्याने एनबीएचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब तीन वेळा मिळवला. मग वीस वर्षे शांतता होती. १९९५ मध्ये शिकागोच्या शाळेतून आलेल्या गार्नेटला मिनेसोटाने पाचव्या क्रमांकावर निवडले आणि २००५ पर्यंतच्या अकरा ड्राफ्टमध्ये एकूण ३९ मुले शाळेतून थेट निवडली गेली.

या सगळ्यांत लेब्रॉन जेम्सची कहाणी सर्वांत अधिक सांगितली जाते, आणि मला वाटते ती चुकीच्या कारणासाठी सांगितली जाते. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सोळा वर्षांच्या आईच्या पोटी जन्मलेला, एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात हलत राहिलेला, चौथीच्या वर्षात ऐंशीहून अधिक दिवस शाळेत न गेलेला हा मुलगा २००३ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच सामन्यात, सॅक्रमेंटोमध्ये, त्याने २५ गुण केले. ही झाली यशाची कथा. तिच्यातून एवढेच सिद्ध होते की लेब्रॉन जेम्स हा लेब्रॉन जेम्स होता. खरा धडा त्याच्या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये, तो अकरावीत असताना, एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरी या त्याच्या शाळेचे घरचे सामने गर्दीमुळे विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात हलवावे लागले. डिसेंबर २००२ मध्ये त्याच्या शाळेचा सामना राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला गेला आणि स्थानिक केबलवर त्याचे सामने पैसे भरून पाहण्याची सोय झाली. तिकिटे विकली गेली, जाहिराती विकल्या गेल्या, आजूबाजूच्या प्रत्येकाचा हिशेब जमला. आणि जानेवारी २००३ च्या शेवटी राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने लेब्रॉनला अपात्र ठरवले, कारण एका दुकानाने त्याला ८४५ डॉलर किमतीच्या दोन जर्सी फुकट दिल्या होत्या. न्यायालयाने हस्तक्षेप करून शिक्षा दोन सामन्यांवर आणली. चारच महिन्यांनी, ड्राफ्ट होण्यापूर्वीच, नायके कंपनीने त्याच्याशी सुमारे नऊ कोटी डॉलरचा करार केला.

या व्यवहारात भ्रष्टाचार कशात होता? मुलाने दोन जर्सी घेण्यात, की त्या मुलाच्या खेळावर सभागृहे भरवून त्याने मात्र हौशीच राहावे असे बजावण्यात? हौशीपणाचे हे सोवळे खेळांच्या इतिहासात नेहमी एकाच बाजूने पाळायला लावले गेले आहे. इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी ‘जंटलमेन’ आणि पैसे घेणारे ‘प्लेअर्स’ हा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे टिकून होता आणि ज्यांना मजुरीची गरज नव्हती त्यांचाच तो सोयीचा होता. जिम थॉर्प या मूळनिवासी अमेरिकी धावपटूची १९१२ च्या ऑलिंपिकमधली सुवर्णपदके काढून घेतली गेली, कारण त्याने पूर्वी बेसबॉल खेळून थोडेफार पैसे घेतले होते. वयाची अट ही त्याच सोवळ्याची धाकटी बहीण आहे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. ते पोकळ नाही, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लेब्रॉनच्या पुढे एकेकाळी न्यूयॉर्कच्या लेनी कुकचे नाव घेतले जाई. २००१ च्या उन्हाळी शिबिरात लेब्रॉनने त्याच्या संघाला शेवटच्या क्षणी हरवले. पुढच्या वर्षी कुकने ड्राफ्टमध्ये नाव दिले आणि त्याला कोणीच निवडले नाही. कॉर्लिओन यंगला १९९८ मध्ये डेट्रॉइटने चाळिसाव्या क्रमांकावर घेतले. तो एनबीएत एकूण तीन सामने खेळला. आणि सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण लिऑन स्मिथचे. शिकागोत सरकारी देखरेखीखाली वाढलेला, जवळचे असे कोणी नसलेला हा मुलगा १९९९ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात मनाने पार कोलमडला. शिवाय ही झाली नावे माहीत असलेली मुले. तीस संघ, प्रत्येकी पंधरा जागा, म्हणजे साडेचारशे जागांसाठी देशभरातली लाखो मुले स्वप्न पाहतात, आणि प्रत्येक लेब्रॉनमागे कितीतरी घरांत अभ्यासाची वही मिटली जाते. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एखादा मुलगा अपयशी ठरतो तेव्हा त्याच्या अपयशाची किंमत लीग मोजत नाही, तो मोजतो, हेही खरे.

पण ही उदाहरणे जरा नीट वाचली तर ती वयाच्या अटीची वकिली करतात का? कुकचे नुकसान एनबीएने न निवडल्याने झाले नाही. न निवडल्या जाणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा आणि तिथे खेळावे, यात तत्त्वतः काहीच अडचण नाही. अडचण निर्माण केली ती हौशीपणाच्या नियमांनी: एजंटशी करार झाला की महाविद्यालयीन खेळाचे दार बंद. म्हणजे एका बाजूने उडी मारायची मुभा द्यायची आणि दुसऱ्या बाजूने खालचे जाळे काढून घ्यायचे. लिऑन स्मिथला एक वर्ष महाविद्यालयात ठेवले असते तर त्याच्या बालपणाच्या जखमा भरल्या असत्या, असे मानायला आधार काय? त्याला गरज होती ती सोबतीला राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची आणि मानसोपचाराची, आणि ती गरज पुरवण्याची ऐपत त्याच्या संघापाशी निश्चितच होती.

क्वामे ब्राउनचे तर मला नेहमी नवल वाटते. शाळेतून येऊन पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला हा पहिला खेळाडू. २००१ मध्ये मायकेल जॉर्डन यांच्या व्यवस्थापनाखाली वॉशिंग्टनने त्याला घेतले आणि तेव्हापासून तो अपयशाचे प्रतीक म्हणून वापरला जातो. प्रत्यक्षात तो एनबीएत बारा हंगाम खेळला. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला अँथनी बेनेट नियमाप्रमाणे एक वर्ष महाविद्यालयात काढून आला होता. त्याची एनबीएतली कारकीर्द चार हंगामांत संपली. त्या एका वर्षाने त्याला नेमके काय दिले? उलट बेनेटच्या अपयशावरून कोणी महाविद्यालयीन खेळाडूंवर बंदी घाला असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. बावीस वर्षांचा मुलगा अपयशी ठरला तर ती त्याची चूक, आणि अठरा वर्षांचा अपयशी ठरला तर ती त्याच्या वयाची चूक, हा न्याय मला तरी समजत नाही.

शिवाय ते एक वर्ष म्हणजे काय, हेही पाहावे. एक वर्ष खेळून निघून जाणारा मुलगा पहिल्या सत्रात पास झाला की पुरते. मार्च-एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा संपली की दुसऱ्या सत्राच्या वर्गात त्याला बांधून ठेवणारे काही उरत नाही. २०१२ मध्ये केंटकी विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच संघातले दोघे प्रथम वर्षाचे विद्यार्थी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिले आणि दुसरे ठरले. याला शिक्षण म्हणायचे असेल तर रेल्वेच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या माणसालाही प्रवासाचा अनुभव आला असे म्हणावे लागेल. पारख करण्याच्या दृष्टीने मात्र हे वर्ष संघांना फार उपयोगी पडते: मुलगा कसा आहे ते दुसऱ्याच्या खर्चाने वर्षभर पाहता येते, आणि त्या वर्षात त्याचा गुडघा गेला तर नुकसान त्याचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात ड्यूककडून खेळणाऱ्या झायन विल्यमसनचा बूट फाटला आणि त्याचा गुडघा मुरगळला, तेव्हा ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. तो सुदैवी ठरला. पण ज्या सामन्याची तिकिटे अवाच्या सवा भावाने विकली गेली होती, त्या सामन्यात मैदानावरचा सर्वांत मौल्यवान माणूस बिनपगारी होता. आणखी एक हिशेब फारसा बोलला जात नाही. १९९५ पासून पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्या खेळाडूचा पगार श्रेणीने ठरलेला असतो. खरा मोठा करार काही वर्षांनी येतो. एक वर्ष उशिरा प्रवेश म्हणजे तो करारही एक वर्ष उशिरा, आणि खेळाडूचे शरीर काही त्यासाठी एक वर्ष जास्त टिकत नाही.

आज सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या व्यावसायिक वापरातून कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. फ्लॅगने ड्यूकमध्ये पाऊल टाकण्याच्या सुमारास न्यू बॅलन्स कंपनीशी करार केला होता. मग शोषण कुठे राहिले? एनबीएने शाळकरी वयाच्या खेळाडूंसाठी स्वतःच उभा केलेला इग्नाइट हा संघ २०२४ मध्ये बंद झाला, कारण मुलांना महाविद्यालयात जास्त पैसे मिळू लागले. या युक्तिवादातले तथ्य मान्य करायलाच हवे: पुष्कळ मुलांसाठी आज महाविद्यालयाचे वर्ष हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पण तो शहाणपणाचा असेल तर मुले आपण होऊन तो धरतील; त्यासाठी बंदी कशाला हवी? आणि विद्यापीठच पगार देणारे मालक झाले असेल, तर मुलाला पैशाच्या मोहापासून दूर ठेवण्याचा मुद्दा कोणत्या तोंडाने मांडायचा? फरक एवढाच उरतो की एनबीएत त्याच्या पाठीशी पन्नास वर्षांहून अधिक काळ लढून मिळवलेल्या हमीच्या करारांची, निवृत्तिवेतनाची आणि संघटनेची ताकद असते. विद्यापीठात तो अजून कर्मचारी म्हणूनही मान्य झालेला नाही.

संघटनेने मान्य केलेला नियम आहे, मग तक्रार कसली, असेही विचारले जाते. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मॉरिस क्लॅरेटने त्या खेळातल्या तशाच मर्यादेला आव्हान दिले तेव्हा २००४ मध्ये अपील न्यायालयाने, न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या निकालात, असे नियम सामूहिक सौदेबाजीच्या कक्षेत येतात असे ठरवले. पण या सौद्यात मुलाच्या बाजूने कोण बसले होते? तो संघटनेचा सभासद नाही. सभासद होण्यापासूनच तर त्याला रोखले आहे. आत असलेल्या प्रत्येक जुन्या खेळाडूची जागा येणाऱ्या नव्या मुलामुळे धोक्यात येते, आणि त्याच्या आयुष्यातले एक वर्ष सौद्यात सोडून देणे आतल्यांना सर्वांत स्वस्त पडते. २००५ मध्ये जर्मेन ओ’नील या एनबीएतल्या खेळाडूने यात वर्णाचाही प्रश्न आहे असे बोलून दाखवले, तेव्हा त्याच्यावर टीका झाली. टेनिसमध्ये किंवा बेसबॉलमध्ये शाळकरी वयाच्या मुलांनी व्यावसायिक होण्याबद्दल देशाची झोप उडालेली नसताना, ज्या खेळात बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आहेत तिथेच शिक्षणाची एवढी चिंता का दाटून येते, हा त्याचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

युरोपकडे पाहिले तर हा सगळा वाद विचित्रच वाटतो. लुका डॉन्चिच सोळाव्या वर्षी रिअल माद्रिदच्या मुख्य बास्केटबॉल संघातून खेळला आणि एकोणिसाव्या वर्षी युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर २०१८ मध्ये अमेरिकेत आला. तिथल्या क्लबांनी मुलाला लहानपणी घेतले, तर त्याचे राहणे, शिकणे, वाढणे हे क्लबचे काम मानले जाते. ती व्यवस्था निर्दोष नाही, आणि तिच्यातूनही कित्येक मुले रिकाम्या हातांनी बाहेर पडतात. पण जबाबदारी कोणाची, हे तिथे स्पष्ट असते.

मराठी माणसाला हा पेच परका वाटू नये. १९०५ मध्ये सतरा वर्षांचा नारायण राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला, तेव्हा नाटक कंपनीत गेलेला मुलगा हातचा गेला अशीच समजूत घरोघरी होती. त्या काळात कंपन्या गोड गळ्याची पोरे शोधत, त्यांना स्त्रीपार्ट देत, त्यांच्यावर थिएटरे भरवत. आणि आवाज फुटला की त्यातल्या अनेकांना पडद्यामागे जावे लागे. बालगंधर्व झालेल्या एकाचे नाव राहिले, बाकीच्यांची यादी कोणी केली नाही. त्या मुलांचा प्रश्न ‘नाटकात जावे का’ हा नव्हताच. आवाज फुटल्यानंतर कंपनी त्यांचे काय देणे लागते, हा होता, आणि तो कोणी विचारला नाही.

भारतापुरते सांगायचे तर पंजाबमधल्या बल्लो के या गावच्या सतनाम सिंगने २०१५ मध्ये इतिहास घडवला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या अकादमीत नेला गेलेला हा सात फुटांहून उंच मुलगा एकोणिसाव्या वर्षी, महाविद्यालयात न जाता, डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही. दोन हंगाम खालच्या लीगमध्ये काढून परतला आणि आता तो व्यावसायिक कुस्तीत आहे. त्याने वयाची अट तर पूर्ण केली होती. तिने त्याचे काय संरक्षण केले?

म्हणून मागणी नेमकी असावी. बेसबॉलमध्ये शाळेतून थेट घेतलेल्या मुलाच्या पुढच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च संघाने करारातच मान्य करण्याची पद्धत आहे. आइस हॉकीत निवडल्या गेलेल्या मुलावरचा हक्क संघाकडे राहतो आणि तरीही तो विद्यापीठात खेळत राहू शकतो. बास्केटबॉलमध्ये या दोन्ही गोष्टी का होऊ नयेत? ड्राफ्टमध्ये नाव देऊन न निवडला गेलेला मुलगा निर्वेधपणे महाविद्यालयात परतू शकला पाहिजे; निवडल्या गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाबरोबर पहिली दोन वर्षे संघाने नेमलेला, पण संघटनेला उत्तरदायी असलेला पालक असला पाहिजे; आणि कारकीर्द तीन सामन्यांत संपो की तेवीस हंगामांत, पदवीपर्यंतची फी संघाने भरली पाहिजे. एवढा बोजा अंगावर येणार म्हटल्यावर संघ आपोआपच विचार करून मुले निवडतील, आणि अपात्र मुलाला भुलवून आणण्याचा मोहही आवरेल. खर्चाचे कारण कोणी पुढे करू नये. २०२४ मध्ये एनबीएने दूरचित्रवाणी आणि इतर माध्यमांशी जे अकरा वर्षांचे करार केले, त्यांची एकूण रक्कम सुमारे ७६ अब्ज डॉलर आहे, आणि एका वर्षी शाळेतून थेट सर्वाधिक मुले निवडली गेली ती संख्या आहे नऊ.